परवाना हवा, मर्जी नको

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 23 जून 2022 रोजी न्यूयॉर्क राज्याच्या शस्त्रपरवाना कायद्यातील एक कळीची अट सहा विरुद्ध तीन मतांनी घटनाबाह्य ठरविली. अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना हवा असणाऱ्या नागरिकाने त्यासाठी आपल्याला ‘योग्य कारण’ आहे हे सिद्ध केले पाहिजे, अशी ती अट होती. या निकालाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आपल्या वर्तुळात आढळतात. अमेरिका हा बंदूकवेड्यांचा देश, तेथे याहून वेगळे काय होणार, असे म्हणून काहीजण विषयच बाजूला सारतात. काही तरुण सहकारी उलट टोक गाठतात. परवाना म्हणजे राज्यसंस्थेने जनतेला निःशस्त्र ठेवण्याची युक्ती, तेव्हा ती गेली तर बरेच झाले, असे त्यांना वाटते. आमच्या मते या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत आणि दुसरी तर धोक्याची आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेच्या घटनेतील 1791 ची दुसरी दुरुस्ती सर्व देशाला लागू असली, तरी शस्त्र कोणी आणि कसे बाळगावे याचे नियम बहुतांशी राज्ये ठरवितात. त्यामुळे तेथे परवान्याच्या तीन पद्धती निर्माण झाल्या. पहिलीत परवाना देणे न देणे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविलेले असे. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड आणि हवाई ही राज्ये या वर्गातली. दुसरीत कायद्याने सांगितलेल्या अटी पुऱ्या झाल्या की परवाना देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. फ्लोरिडाने 1987 साली ही पद्धत स्वीकारल्यानंतर ती झपाट्याने पसरली. तिसऱ्या पद्धतीत परवानाच लागत नाही. व्हरमाँटमध्ये तो कधीच नव्हता. अलास्काने 2003 मध्ये, ॲरिझोनाने 2010 मध्ये, टेक्ससने 2021 मध्ये आणि खुद्द फ्लोरिडाने 2023 मध्ये तो काढून टाकला. 2024 अखेर अशा राज्यांची संख्या 29 झाली होती. 2022 च्या निकालाने पहिल्या पद्धतीचा आधार काढून घेतला. दुसरी पद्धत मात्र घटनेत बसते, हे त्याच निकालात मान्य केलेले आहे.

आता अधिकाऱ्याचा विवेक प्रत्यक्षात कसा चालला ते पाहावे. यादवी युद्ध संपताच 1865 साली मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास बंदी केली. परवाना देणारे हात अर्थातच गोऱ्यांचे होते. न्यूयॉर्कचा 1911 चा कायदा झाला तेव्हा इटालियन स्थलांतरितांविषयीचे भय वृत्तपत्रे उघडपणे बोलून दाखवीत होती. 1956 साली माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. ज्याच्या घराच्या ओसरीवर बाँब फुटला त्याच्याकडे ‘योग्य कारण’ नव्हते! पुढे 1967 साली ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यकर्ते उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर पाळत ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने भरलेली शस्त्रे सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंदी घातली. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन होते. गरिबाच्या वकिलांनाही याची जाणीव आहे. न्यूयॉर्कच्या कायद्याविरुद्धच्या खटल्यात ब्राँक्समधील गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या वकिलांनी आपले म्हणणे कायद्याच्या विरोधात दाखल केले. विनापरवाना शस्त्राबद्दल तुरुंगात जाणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो असतात, हा त्यांचा अनुभव होता. न्यूयॉर्क शहरात या परवान्याच्या अर्जाचे शुल्कच दीर्घकाळ 340 डॉलर होते. ज्याला वजन आहे, वेळ आहे आणि पैसा आहे त्याला परवाना, बाकीच्यांना दंडसंहिता, असा हा व्यवहार होता.

इथवर आमचे तरुण सहकारी बरोबर आहेत. चूक होते ती पुढच्या पावलाला. मर्जी अन्यायकारक होती म्हणून नियमनच अन्यायकारक, हा निष्कर्ष तर्काला धरून नाही. परवाना रद्द झाल्याने शस्त्र गरिबाच्या हाती जाते आणि तो सबळ होतो, हे अनुभवाने सिद्ध झालेले नाही. मिनेसोटा राज्यात 2016 साली रीतसर परवाना असलेल्या एका कृष्णवर्णीय वाहनचालकाने आपल्याजवळ शस्त्र असल्याचे पोलिसाला स्वतः होऊन सांगितले. त्या पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या, आणि 2017 साली तो पोलीस निर्दोष सुटला. समाजात सत्तेची विषमता कायम असता हातातले पिस्तूल दुर्बलाला समान करीत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे आणखी एक गोष्ट दिसते. बंदुकीची किंमत घेणारा देतो. तिचा खर्च मात्र शेजारी, पत्नी, मुले आणि सार्वजनिक रुग्णालये सोसतात. शेजाऱ्याने पिस्तूल घेतले म्हणून मी घेतो, मी घेतले म्हणून तिसरा घेतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा, आणि सर्वांची बेरीज मात्र वेडेपणाची. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे मेली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. स्वसंरक्षणासाठी घेतलेले शस्त्र सर्वाधिक वेळा धन्यावरच उलटते, असा याचा अर्थ. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये, जेथे खरेदीपूर्वीच पोलीस खात्याकडून परवाना घ्यावा लागतो, दर लाख लोकसंख्येमागे असे मृत्यू साडेतीनच्या आत होते. परवान्याविना शस्त्र बाळगता येणाऱ्या मिसिसिपीत ते तेहतीसहून अधिक होते. या तफावतीमागे दारिद्र्यादी अन्य कारणेही आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मिसूरीने 2007 मध्ये पिस्तूल खरेदीचा परवाना रद्द केल्यानंतर तेथे बंदुकीने होणाऱ्या खुनांचे प्रमाण सुमारे पाव पटीने वाढले, असे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. लपवून शस्त्र बाळगण्याची मोकळीक देणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अन्यथा झाले असते त्याहून 13 ते 15 टक्के अधिक होतात, असा जॉन डोनह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांचा 2019 मधील निष्कर्ष आहे.

मग या मोकळिकीचा लाभ कोणाला? 2005 साली अमेरिकी संसदेने कायदा करून शस्त्रांच्या गुन्हेगारी वापराबद्दल उत्पादक व विक्रेते यांच्यावर भरपाईचे दावे लावणे बहुतांशी अशक्य केले. नफा खाजगी आणि प्रेते सार्वजनिक, असा हा हिशेब आहे. स्वातंत्र्याची घोषणा ज्यांच्या तोंडी आहे त्यांची वही कोठे ठेवलेली आहे, हे कार्यकर्त्याने पाहिले पाहिजे.

हा वाद आपल्याला परका नाही. इंग्रजांच्या 1878 च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. म्हणूनच 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत, पुढे प्रजा समाजवादी पक्षात काम केलेले हरि विष्णु कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. हा हक्क मूलभूत ठरला तर गुन्हेगारीवर जगणारेही तो मागतील, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्या परंपरेतल्या कामतांविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतो की त्या दिवशी बाबासाहेबांचे बरोबर होते. गावगाड्यात बंदूक मोकळी सुटली तर ती कोणाच्या ओसरीवर टांगली जाईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

परंतु मर्जीचा रोग आपल्याही अंगी आहे. 1959 च्या कायद्यात नकाराची कारणे लेखी नोंदविण्याची आणि अपिलाची तरतूद आहे. नकाराला कारण लागते, होकाराचे काय? बीड जिल्ह्यात डिसेंबर 2024 मध्ये एका सरपंचाची हत्या झाल्यानंतर शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यात आले. ते रद्द करण्याजोगे होते, तर दिले कसे, या प्रश्नाचे उत्तर जनतेला मिळाले पाहिजे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. परवाना राहिलाच पाहिजे, आणि तो कडकच असला पाहिजे. मात्र त्याच्या अटी लेखी, सर्वांना सारख्या आणि तपासता येण्याजोग्या असाव्यात. मंजुरीचीही कारणे नोंदविली जावीत आणि दर काही वर्षांनी त्यांची फेरतपासणी व्हावी. कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात किती परवाने दिले गेले, किती नाकारले गेले आणि किती रद्द झाले याचे आकडे माहितीच्या अधिकाराखाली मागावेत. ज्या वस्तीला खरोखर भय आहे तिला पिस्तूल नको आहे. वेळेवर तक्रार नोंदविणारे पोलीस ठाणे आणि वेळेवर निकाल देणारे न्यायालय तिला हवे आहे. ते देणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, आणि त्या कर्तव्यातून तिला मोकळे करणारे कोणतेही ‘स्वातंत्र्य’ समाजवाद्यांना मान्य होणार नाही.