तेल, युआन आणि आखाती रुपयाची आठवण

ज्यांची मुले आखातात नोकरीस आहेत असे आपले अनेक ग्राहक बँकेत आले की बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘आज दिरहमचा भाव काय?’ हा भाव रोज हलतो तो रुपयामुळे. दिरहम १९९७ पासून डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. सौदी रियालही १९८६ पासून ३.७५ या दराला चिकटून आहे. चीन आणि अरब राष्ट्रे यांच्या वाढत्या सख्याची चर्चा करताना नेमकी हीच साधी गोष्ट नजरेआड होते आणि ‘डॉलरचे दिवस भरले’ अशी भाकिते ऐकू येऊ लागतात. मला ती घाईची वाटतात.

सख्य मात्र खरे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अरब जगतात साम्यवादी चीनला सर्वप्रथम मान्यता दिली ती इजिप्तने, मे १९५६ मध्ये. सौदी अरेबियाने राजनैतिक संबंध जोडले ते जुलै १९९० मध्ये, सर्वांच्या शेवटी. (गंमत अशी की, त्यापूर्वीच या दोन देशांमधील क्षेपणास्त्रांचा सौदा १९८८ मध्ये उघडकीस आला होता. मान्यता नसली तरी व्यवहार अडत नाही!) पुढे १९९३ च्या सुमारास चीनला स्वतःचे तेल पुरेनासे झाले आणि आखाताकडे पाहण्याची त्याची दृष्टीच पालटली. जानेवारी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष हू जिंताव यांनी कैरो येथील अरब लीगच्या मुख्यालयास भेट दिली, त्या वेळी चीन-अरब सहकार्य मंचाची स्थापना झाली. त्या वर्षी उभय पक्षांचा व्यापार सुमारे ३७ अब्ज डॉलर होता. २०२२ मध्ये तो ४०० अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला रियाध येथे पहिली चीन-अरब शिखर परिषद भरली.

हे सारे फुकट पदरात पडलेले नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये मक्केतील यात्रेकरूंसाठी मीना, मुझदलिफा आणि अराफात यांना जोडणारी सुमारे १८ किलोमीटरची रेल्वे बांधण्याचे कंत्राट एका चिनी सरकारी कंपनीने घेतले. मुदत अशी की, नोव्हेंबर २०१० च्या हज यात्रेस गाडी धावलीच पाहिजे. कामाचा आवाका वाढत गेला आणि खर्च हाताबाहेर गेला. गाडी वेळेवर धावली. परंतु चार अब्ज युआनहून अधिक तोटा होणार असल्याचे कंपनीस जाहीर करावे लागले. पुढे तिच्या पालक सरकारी समूहाने तो भार आपल्या शिरावर घेतला. खासगी कंपनी असती तर या एका कामाने ती जेरीस आली असती. चीनची आर्थिक मुत्सद्देगिरी म्हणजे काय, हे करारांच्या मसुद्यांपेक्षा या तोट्यावरून अधिक स्पष्ट कळते.

राजकीय यशाचे माप मात्र थोडे हात राखूनच घालावे. १० मार्च २०२३ रोजी सौदी अरेबिया व इराण यांचा समेट बीजिंगमध्ये जाहीर झाला, परंतु त्याची पायाभरणी इराक आणि ओमान यांनी आधीची दोन वर्षे केली होती. आखाती सहकार्य परिषदेशी मुक्त व्यापाराची बोलणीही २००४ मध्येच सुरू झाली. वीस वर्षे लोटली तरी करारावर सह्या झालेल्या नव्हत्या.

आता चलनाकडे वळू. २०१५ मध्ये दोहा येथे युआनचे समाशोधन केंद्र उघडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये चीन व सौदी अरेबिया यांच्या मध्यवर्ती बँकांनी तीन वर्षांसाठी ५० अब्ज युआनचा चलन-अदलाबदल करार केला. आकडा डोळे दिपविणारा आहे खरा. पण तो होतो सुमारे सात अब्ज डॉलर, आणि या दोन देशांचा त्या वर्षीचा व्यापार होता शंभर अब्ज डॉलरहून अधिक. शिवाय तेल विकून हाती आलेल्या युआनचे सौदी विक्रेत्याने करावे काय? यंत्रे, मोटारी, सौर पट्ट्या घेऊन झाल्यावर जे उरेल ते गुंतवायचे कोठे? भांडवली व्यवहारांसाठी युआन मुक्तपणे परिवर्तनीय नाही. विक्रेता अखेर डॉलरकडेच वळतो.

या बाबतीत आपला स्वतःचा अनुभव बोलका आहे. कुवेत, बहारीन, कतार, ओमान आणि आज ज्यांची संयुक्त अमिराती झाली आहे त्या प्रदेशांत एकेकाळी भारतीय रुपयाच चालत असे. तेथून सोने चोरट्या मार्गाने भारतात येई, त्याचे मोल रुपयांत चुकते होई आणि त्या नोटा परत येऊन आपले परकीय चलन घेऊन जात. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने केवळ भारताबाहेर चालणाऱ्या, निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. हाच आखाती रुपया. १९६१ मध्ये कुवेतने, १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचे चलन आणले. ६ जून १९६६ रोजी आपण अवमूल्यन केले. डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. ज्यांची बचत रुपयांत होती त्या आखाती व्यापाऱ्यांचा काही दोष नसताना त्यांना एका रात्रीत फटका बसला. कतार व अमिरातींनी रुपया सोडला. ओमानने १९७० मध्ये. त्या वेळी रुपयाला कोणा महासत्तेने हुसकावले नव्हते. दिल्लीने स्वतःच्या अडचणीपायी घेतलेल्या निर्णयाने तो गेला. बीजिंगमधील निर्णयही चीनच्याच सोयीने होतात, हे आखातातील बँकर जाणून असणार.

जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँक व अमिरातीची मध्यवर्ती बँक यांच्यात रुपया-दिरहम व्यवहारांविषयी समझोता झाला आणि पुढच्याच महिन्यात अबुधाबीच्या तेलाची पहिली रक्कम रुपयांत चुकती झाली. त्या विक्रेत्यापुढेही प्रश्न युआनवाल्याचाच आहे: उरलेल्या रुपयांचे काय? जुलै २०२२ च्या परिपत्रकान्वये रिझर्व्ह बँकेने विशेष रुपया खात्यांतील शिल्लक सरकारी रोख्यांत गुंतविण्यास मुभा दिली आहे. ते रोखे अबुधाबीत किती जण आपखुशीने जवळ ठेवतात, तेवढे पाहत राहावे.