कपाटातला पोको एफ१ आणि ड्रायव्हर तपासणारी माणसं

वालूरमध्ये, सेलूत किंवा परभणीत कुणाच्याही घरातलं कपाट उघडून बघा, एखादा जुना पण चालू फोन सापडेलच. समजा तो पोको एफ१ आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये २०,९९९ रुपयांपासून मिळणारा हा फोन तेव्हा पोरांमध्ये जाम चालला. स्नॅपड्रॅगन ८४५ प्रोसेसर आजही रडत नाही. पण अँड्रॉइड ८.१ वर आलेला हा फोन कंपनीने अँड्रॉइड १० पर्यंत नेला आणि तिथेच सोडला. हार्डवेअर ठणठणीत, मग नवीन अपडेट का नाही? कंपनीला नवा फोन विकायचा असतो हे उघड आहे. पण दुसरं एक कारण आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही: ड्रायव्हर.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल असतो. स्क्रीन, कॅमेरा, टच, वायफाय यातल्या प्रत्येक पार्टशी कर्नलला बोलायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर. फोन बनवणारे आणि चिप बनवणारे असे बरेच ड्रायव्हर स्वतःपुरते लिहितात आणि जुन्या कर्नलला जोडून देतात. ते मुख्य लिनक्समध्ये नसतात. कर्नल पुढे गेला की ड्रायव्हर मागे राहतो, आणि फोनही त्याच्यासोबत मागे राहतो.

आता पोको एफ१ चीच गोष्ट घ्या. २०२० मध्ये लिनारो या संस्थेकडून या फोनच्या स्क्रीनचा ड्रायव्हर मुख्य लिनक्ससाठी दिला गेला. गंमत म्हणजे हा फोन बाहेरून एकच, पण आत स्क्रीन दोन वेगळ्या कंपन्यांच्या: काही फोनमध्ये टियान्मा, काहींत ईबीबीजी. दुकानात घेताना कुणाला काय कळणार! पहिला ड्रायव्हर टियान्मासाठी होता. ईबीबीजी स्क्रीनचा २०२२ मध्ये आला. म्हणजे तोवर एकाच मॉडेलच्या दोन मित्रांपैकी एकाची स्क्रीन मुख्य कर्नलवर उजळायची आणि दुसऱ्याची काळीच.

असा ड्रायव्हर आला की लगेच घेतला जात नाही. त्या भागाचे मेंटेनर तो ओळ न् ओळ वाचतात, ईमेलवर, सगळ्यांसमोर. बघतात काय? शेतातली मोटर आठवा. आधी व्हॉल्व्ह, मग स्टार्टर, आणि मध्येच फेज गेला तर सगळं उलट क्रमाने बंद. स्क्रीनचंही तसंच आहे. आधी वीजपुरवठा, मग रिसेट, मग ठरावीक मिलिसेकंद थांबायचं, मग पॅनेलला कमांड. यातली एखादी पायरी फसली तर आधी चालू केलेला पुरवठा बंद होतो का, हा प्रश्न रिव्ह्यू करणारे हमखास विचारतात. कारण नवशिके ‘सगळं नीट चाललं तर’ एवढंच लिहितात. कमांडच्या लांबलचक आकड्यांच्या यादीवरही बोट ठेवलं जातं: हे आकडे कशाचे, कुठून आले? शिवाय पाठवणाऱ्याला स्वतःच्या सहीची ओळ टाकून हमी द्यावी लागते की हा कोड द्यायचा हक्क मला आहे. सूचना आल्या की दुरुस्ती करून दुसरी आवृत्ती, मग तिसरी, चौथी. कंटाळवाणं काम आहे, खरंच.

मग रिव्ह्यू झाला की ड्रायव्हर सुरक्षित? नाही हो. इथेच एक बोलकी घटना येते.

२८ फेब्रुवारी २०२५ ला ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने सांगितलं की सर्बियातल्या एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा लॉक असलेला सॅमसंग गॅलॅक्सी ए३२ सेलेब्राइटची साधनं वापरून उघडला गेला. त्यासाठी वापरलेल्या चुकांपैकी एक होती सीव्हीई-२०२४-५३१०४, लिनक्सच्या यूएसबी कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमधली. हा ड्रायव्हर मुख्य लिनक्समध्ये २००८ पासून आहे, म्हणजे तो कुणा कंपनीच्या कपाटात लपलेला नव्हता, जगासमोर उघडा होता.

चूक अगदी साधी. कॅमेरा जोडला की तो ‘मी अमुक अमुक प्रकारच्या फ्रेम देतो’ अशी यादी सांगतो. ड्रायव्हर आधी फ्रेम मोजून तेवढी जागा राखतो, मग यादी भरतो. मोजताना एक प्रकार धरलाच नव्हता, भरताना मात्र तो भरला जायचा. लग्नात शंभर पत्रावळी मांडल्या आणि मोजणीत नसलेले दहा जण पंगतीत बसले, तसं. ते दहा जण मग शेजारच्याच्या जागेत सरकतात. मेमरीत असं झालं की हल्लेखोर खोटा कॅमेरा जोडून नको तिथे लिहू शकतो. दुरुस्तीत फक्त तो प्रकार वाचायचाच नाही एवढं ठरवलं. अँड्रॉइडला ती फेब्रुवारी २०२५ च्या सुरक्षा अपडेटमध्ये मिळाली.

सुमारे १६ वर्षं कुणाला दिसलं नाही, म्हणून उघड तपासणीला हसणारे आहेत. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. काही महिने आधी, २०२४ च्या शेवटी, क्वालकॉमच्या डीएसपी ड्रायव्हरमधली एक चूकही अशाच हल्ल्यांत वापरली गेल्याचं समोर आलं होतं, आणि तो ड्रायव्हर मुख्य लिनक्समधला नव्हता. चूक दोन्हीकडे होते. फरक दुरुस्तीनंतरच्या प्रवासात आहे. मुख्य लिनक्समधला फिक्स सगळ्यांसाठी एकदाच होतो. बाहेरचा ड्रायव्हर ज्याच्या त्याच्या फोनसाठी वेगळा नेऊन लावावा लागतो, आणि जुन्या फोनसाठी तो कुणी नेत नाही.

खरी अडचण माणसांची आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या टूलमध्ये मागचं दार सापडलं. तिथे एकटा, थकलेला मेंटेनर होता. मदतीला आलेल्या अनोळखी सहकाऱ्याने आधी विश्वास कमावला आणि मग घात केला. त्याआधी मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवून कर्नलचे रिव्ह्यूअर फसतात का ते बघितलं, आणि २०२१ मध्ये विद्यापीठावरच बंदी आली. वालूरची मळसूत्री बारव आठवते? वापरणारे पिढ्यान् पिढ्या, गाळ उपसायला मात्र मोजकेच. इथेही तीच गत.

यात तुमच्यासारख्याला जागा आहे. कोड लिहिता येत नसेल तरी नव्या ड्रायव्हरची चाचणी करून ‘माझ्या फोनवर चाललं’ किंवा ‘स्क्रीन जागी होत नाही’ असं लिहून कळवता येतं, आणि चाचणी करणाऱ्याचं नाव त्या बदलासोबत कर्नलच्या इतिहासात कायमचं नोंदवलं जातं. पोको एफ१ साठी पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प मुख्य लिनक्सवर काम करतोय. रोजच्या वापराला तो तयार आहे असं समजू नका, यूपीआय वगैरेची अपेक्षा तर अजिबात नको. पण कपाटातला फोन आहे, बिघडला तर काय जातं? फक्त आधी बघा, आत स्क्रीन टियान्माची आहे की ईबीबीजीची.