आधी खोली, मग नाटक

ऑगस्टमध्ये एडिंबराला जायचं असेल तर आधी खोली शोधावी, नाटकं नंतर. आमच्या कॉलेजच्या नाटकातल्या मित्रमैत्रिणींचं तिथल्या फ्रिंज महोत्सवाला जायचं ठरतं आहे, आणि सगळ्यांचा उत्साह तिकिटांकडे धावतो आहे. कोणी म्हणतं, अमुक प्रयोग चुकवायचा नाही; कोणी दिवसाला सहा प्रयोगांचं वेळापत्रकच करून आणलं आहे. मी मात्र त्यांना सांगतो आहे की राहण्याची आणि व्हिसाची योजना घट्ट बांधू आणि बघण्याची निम्मी मोकळी ठेवू. या महोत्सवाचा स्वभावच तसा आहे.

दुसऱ्या महायुद्धाने पोळलेल्या युरोपला कलेने पुन्हा एकत्र आणावं म्हणून रुडॉल्फ बिंग यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये एडिंबरा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. त्या पहिल्याच वर्षी आठ नाटकमंडळ्या निमंत्रण नसताना येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग लावले. त्यातून फ्रिंज उभा राहिला. आज तिथे तीन हजारांहून अधिक कार्यक्रम होतात, पण महोत्सवाची निवड समिती अजूनही नाही. जागा मिळवा, खर्च सोसा आणि प्रयोग करा. चर्चचं सभागृह, पबचं तळघर, विद्यापीठाची वर्गखोली, सगळीकडे पडदा उघडतो.

म्हणूनच आधीपासून ठाऊक असलेल्या नावांचीच तिकिटं काढून जाणं मला पटत नाही. १९६६ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी इथे एका नवख्या लेखकाचं नाटक केलं. लेखक टॉम स्टॉपर्ड, नाटक ‘रोझेनक्रान्ट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’. पुढच्याच वर्षी ते लंडनच्या नॅशनल थिएटरने केलं. फीबी वॉलर-ब्रिजचं ‘फ्लीबॅग’ जगभर पोचलं ते मालिकेमुळे. पण २०१३ मध्ये ते इथल्या एका लहानशा जागेत एकटीने उभं केलेलं नाटक होतं. आणि आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट अशी की १९८२ मध्ये हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ला इथे ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. छत्तीसगडचे लोककलावंत आपल्या बोलीत बोलत, गात होते आणि स्कॉटलंडचा प्रेक्षक त्यांच्यासोबत होता.

पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या पाहत वाढलेल्या आमच्या पिढीला हे जग परकं वाटणार नाही. तासाभराचा प्रयोग, दोन खुर्च्यांचं नेपथ्य, एक संच मंच आवरतोय तोवर दुसरा दारात उभा. एकाच मंचावर दिवसभरात अनेक प्रयोग होत असल्याने मधला वेळ फार थोडा असतो, आणि उशिरा येणाऱ्याला बहुधा आत सोडत नाहीत. त्यामुळे दोन प्रयोगांमध्ये निदान तासभर हवा. शिवाय हे शहर नकाशाला फसवतं. काउगेट हा रस्ता साउथ ब्रिजच्या खालून जातो. नकाशावर दोन्ही रस्ते एकमेकांना छेदतात. प्रत्यक्षात एकावरून दुसऱ्यावर जायला चढ किंवा जिने गाठावे लागतात. बूट चांगले हवेत आणि पावसाचं जॅकेट रोज पाठीवर हवं. ऑगस्ट असला तरी पारा विशीच्या आसपासच राहतो.

आता घट्ट बांधायच्या गोष्टी. ब्रिटनला शेंगेन व्हिसा चालत नाही, त्यांचा पर्यटक व्हिसा वेगळा काढावा लागतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे महिन्यातच हे काम हातावेगळं करावं. राहण्याचे दर ऑगस्टमध्ये कडाडतात, म्हणून खोली त्याच्याही आधी, रद्द करता येईल अशी घ्यावी. सुट्टीत विद्यापीठाची वसतिगृहं पाहुण्यांना मिळतात, ती पाहावीत. ग्लासगोला राहून रोज येणंही शक्य आहे, आगगाडीने सुमारे पन्नास मिनिटं लागतात; मात्र परतीची शेवटची गाडी पाहूनच रात्रीचा प्रयोग ठरवावा. २४ जुलै २०२६ पासून एडिंबरात मुक्कामाच्या खर्चावर पाच टक्के पर्यटक कर आहे, सलग पहिल्या पाच रात्रींपुरता. तोही हिशोबात धरावा. मुंबईहून लंडनला उतरलात तर किंग्ज क्रॉसहून सुमारे साडेचार तासांत गाडी एडिंबराच्या मध्यावर, वेव्हर्ली स्थानकात सोडते.

तिकिटांसाठी माझा आग्रह इतकाच: दिवसाचा एक प्रयोग आधी ठरवा, बाकीचे तिथे गेल्यावर. रॉयल माइल या रस्त्यावर कलावंत स्वतः हातात पत्रकं देतात. त्यांच्याशी दोन मिनिटं बोला, नाटक कशाबद्दल आहे ते विचारा. बोलण्यातली धग जाणवली तर जा. सुरुवातीच्या प्रीव्ह्यू प्रयोगांची तिकिटं स्वस्त असतात. अनेक प्रयोगांना तिकीटच नसतं, शेवटी दारात बादली धरलेली असते. त्या बादलीत मनापासून पैसे टाका. इथे येणाऱ्या बहुतेक मंडळ्या पदरमोड करून येतात, जागेचं भाडं आणि मुक्काम यांतच त्यांची पुंजी जाते. पाच प्रेक्षकांसमोर तितकाच जीव तोडून काम करणाऱ्या नटाला आपण सहावे म्हणून जाऊन बसणं, याहून मोठी दाद नाही.

एवढ्या लांब, एवढा खर्च करून जायचं आणि ओळखीचंच पाहून परतायचं, यात महोत्सव हुकतो. ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं त्यांनी हा उत्सव घडवला. त्यांच्या आजच्या वारसांना पाहायला जागा आणि वेळ राखून ठेवणं हे प्रेक्षकाचं काम आहे. आणि हे शिकायला एडिंबराच गाठायला हवं असंही नाही. या शनिवारी आपल्या गावात, एखाद्या लहान सभागृहात, नाव न ऐकलेल्या संचाचा प्रयोग असेल. तिकीट काढा आणि जाऊन बसा.