जलपर्णीवरची धिंगरी

उन्हाळा आला की पुण्यात मुळा-मुठेवर आणि खाली उजनीच्या पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर चढतो. ती काढायला पैसे मोजायचे आणि काढलेला ढीग काठावर कुजू द्यायचा, हा जणू रिवाजच. त्या ढिगावर अळिंबी पिकवावी, ही सूचना म्हणूनच ऐकताक्षणी पटते. शास्त्राचा तिला आधारही आहे. धिंगरी ही मुळात लाकूड खाणारी बुरशी. वनस्पतीला कडकपणा देणारे लिग्निन बहुतेक जिवाणूंना पचत नाही. धिंगरी आपल्या विकरांनी ते फोडते आणि आतल्या सेल्युलोजवर पोसते. गव्हाचे काड, सोयाबीनचे कुटार, उसाचे पाचट, सुकवलेली जलपर्णी, तिला सगळे चालते. प्रश्न खाणाऱ्याचा आहे.

जलपर्णी पाण्यातले कॅडमियम, शिसे, क्रोमियम मुळांतून शोषून घेते. दूषित पाणी शुद्ध करायला तिचा उपयोग होतो तो याच गुणामुळे. धिंगरीही ज्यावर वाढते त्यातले जड धातू, विशेषतः कॅडमियम, अंगात घेते. म्हणजे शहराचे आणि कारखान्यांचे सांडपाणी ज्या नदीत उतरते, तिथल्या जलपर्णीवरची अळिंबी खाल्ली, तर नदीतले विष दोन पायऱ्या चढून ताटात येऊ शकते. गरम पाण्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठत राहते. अळिंबीच्या रंगावरून वा चवीवरून ते ओळखता येत नाही. गाजरगवतावरही अळिंबीचे प्रयोग झाले आहेत, पण त्यातल्या पार्थेनिनने कातडीला काय होते, हे ते उपटणाऱ्या मजूर बायांना कोणी सांगायला नको.

खरे तर जलपर्णीची एवढी घाई करण्याचे कारणच नाही. स्वच्छ कच्चा माल शेतात पडून असतो, बऱ्याचदा पेटवला जातो. काड बारीक कापून रात्रभर भिजवायचे, सुमारे 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून निथळायचे आणि बियाण्याचे थर देत पिशव्यांत भरायचे. तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी होते. एक किलो कोरड्या काडावर अर्धा ते एक किलो ताजी धिंगरी येते, उरलेला चोथा गांडूळखताला जातो. जमीन नसलेल्या घरालाही एका खोलीत हे जमते. (खोलीत वावरताना नाकावर फडके हवेच, धिंगरीच्या बीजाणूंनी दम्यासारखा त्रास होतो.)

जलपर्णीवर प्रयोग जरूर व्हावेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचे केंद्र आहे, सोलनला राष्ट्रीय संस्था आहे. पण बचत गटांच्या हाती ही पद्धत देण्याआधी त्या-त्या पाणवठ्यातली जलपर्णी आणि तिच्यावरची अळिंबी, दोन्हींची जड धातूंसाठी तपासणी व्हायला हवी. तिचा खर्च सरकारने उचलावा. पिशवीमागे चार पैसे सुटणाऱ्या बाईकडून प्रयोगशाळेच्या शुल्काची अपेक्षा धरता येणार नाही.