उबवण केंद्रे : इमारत आणि ऊब

विद्यापीठाच्या आवारात नवोद्योगांसाठी ‘इनक्युबेशन सेंटर’, म्हणजे उबवण केंद्र असणे ही आता प्रतिष्ठेची बाब झाली आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ मोहीम सुरू केली. त्याच वर्षीच्या अटल इनोव्हेशन मिशनने निवडक केंद्रांना पाच वर्षांत कमाल दहा कोटी रुपयांचे अनुदान देऊ केले. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानेही या कार्यासाठी स्वतंत्र संचालक व मंडळ यांची तरतूद केली. पैसा आला, कायदा आला. प्रश्न एवढाच उरतो की, या केंद्रांत उबवले काय जाते?

या कल्पनेचा उगम उद्‍बोधक आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बटेव्हिया या गावी शेतीयंत्रांचा मोठा कारखाना बंद पडला. संपूर्ण इमारत घेणारा एकही उद्योग मिळेना, तेव्हा जोसेफ मॅन्क्यूसो यांनी १९५९ मध्ये ती लहान उद्योगांना तुकड्या-तुकड्यांनी भाड्याने देण्यास प्रारंभ केला आणि सोबत सल्ला व सामाईक सेवाही पुरविल्या. भाडेकरूंत एक कुक्कुटपालनाचा व्यवसाय होता. त्यावरून थट्टेने पडलेले नाव पुढे जगभर रूढ झाले. म्हणजे येथे सुरुवात रिकाम्या जागेपासून झाली. परंतु विद्यापीठाने जागाच पुरवायची असेल, तर ते काम कोणताही घरमालक करू शकतो.

विद्यापीठाजवळ जे आहे ते बाजारात सहजी विकत मिळत नाही : प्रयोगशाळा, चाचणीची उपकरणे, जाणकार अध्यापक आणि वेळ. नव्या ज्ञानावर आधारलेल्या उद्योगात आरंभीचा खर्च मोठा, यशाची खात्री कमी आणि लाभ मात्र समाजात दूरवर पसरणारा असतो. खाजगी भांडवल अशा ठिकाणी बिचकते, म्हणूनच सार्वजनिक पैसा खर्च करण्याचे समर्थन होऊ शकते. जेथे प्रयोगशाळेचा दरवाजा बंदच राहतो, तेथे हे समर्थनही कोसळते.

यशाची उदाहरणे हेच सांगतात. मुंबई आयआयटीचे ‘साइन’ हे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. तेथे वाढलेली ड्रोन बनविणारी ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी २००७ मध्ये स्थापन झाली आणि शेअर बाजारात आली ती २०२३ मध्ये. मद्रास आयआयटीत वाढलेल्या ‘एथर’ कंपनीची स्थापना २०१३ ची; तिची विजेवरची स्कूटर बाजारात येण्यास २०१८ उजाडले. मद्रासच्या संशोधन उद्यानात तर केवळ भाडे भरून भागत नाही; तेथील कंपन्यांना संस्थेचे अध्यापक व विद्यार्थी यांच्यासमवेत प्रत्यक्ष काम केल्याचे गुणांक मिळवावे लागतात.

आयआयटीचा निधी, निवडक विद्यार्थी आणि नावलौकिक इतर विद्यापीठांना कोठून मिळावा, हा आक्षेप रास्त आहे. शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घेण्यात शक्ती वेचणारी, वर्षानुवर्षे रिक्त पदे सोसणारी आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर गाडा ओढणारी विद्यापीठे मार्गदर्शनाला वेळ कोठून देणार? पण मग केंद्राची फीत कापण्यापूर्वी ही पदे भरणे, हाच नवोद्योगाच्या धोरणाचा पहिला भाग ठरतो.

अन्यथा किंमत मोजतो तो विद्यार्थी. शेतकऱ्याच्या किंवा कारकुनाच्या घरातील पदवीधराने कंपनी काढली, तर त्या घराला पहिल्या पगाराची वाट पाहत दोन-तीन वर्षे काढावी लागतात. त्याला खुर्ची, संगणक आणि प्रमाणपत्र देऊन भागत नाही. त्या काळात निर्वाहापुरते विद्यावेतन आणि हक्काने वापरता येईल असे उपकरण लागते. विषयही परिसरातून निवडावे लागतील. जळगावला केळीवरील प्रक्रिया, इचलकरंजीला यंत्रमाग आणि कोल्हापूरला ओतकाम यांतील अडचणी सोडविणारा छोटा उद्योग मुंबईच्या अनुकरणापेक्षा अधिक टिकेल.

आज अहवालांत नोंदविलेल्या कंपन्यांची संख्या मिरविली जाते. त्याच पानावर आणखी तीन आकडे छापणे सक्तीचे करावे : अध्यापकांनी दिलेले तास, उपकरणांचा झालेला वापर आणि पाच वर्षांनंतर चालू असलेल्या कंपन्या. अनुदानाचा पुढचा हप्ता या आकड्यांवर ठरू लागला, तर इमारतीत ऊब आहे की नाही, हे करदात्यालाही कळेल आणि तेथे आपली उमेदीची वर्षे घालविणाऱ्या विद्यार्थ्यालाही.