दारिद्र्याची घरझडती

शिधावाटप दुकानाच्या रांगेत कोणाच्या हाती मोबाईल दिसताच ‘हे कसले गरीब?’ असा निकाल देणाऱ्या वृत्तीचे परीक्षण करणे, हा या अंकाचा हेतू आहे. २००२च्या ग्रामीण दारिद्र्यरेषा-गणनेच्या १३ निकषांत कपड्यांचीही मोजदाद होती, २०११च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेने ग्रामीण भागात फ्रीज वा दुचाकी बाळगणारे कुटुंब वंचितांतून आपोआप वगळले, आणि ‘लाडकी बहीण’ योजनेच्या छाननीत चारचाकीचा शोध सुरू झाला, तेव्हा हा प्रश्न आपल्या सर्वांच्या उंबरठ्याशी आला. वस्तू ही गतकाळच्या कमाईची, कर्जाची किंवा आहेराची साक्ष देते, आजच्या चुलीची नव्हे, अशी आमची धारणा आहे. तथापि अपात्रांना रोखण्याचे सरकारचे रास्त कर्तव्यही लेखकांनी नजरेआड केलेले नाही. वाचकांनी आपले अनुभव व मतभेद निःसंकोच कळवावेत.