सिस्टरचे शिक्षण : निम्मे मोबाईलवर, निम्मे खाटेपाशी



गळीत हंगाम सुरू झाला की फडात घोणस, नाग, मण्यार निघतात, हे आपणांस सांगायला नको. चावलेला माणूस दवाखान्यात पोचतो तेव्हा त्याच्याजवळ सर्वांत जास्त वेळ असते ती सिस्टर. म्हणून परिचारिकांचे शिक्षण हा प्रश्न डॉक्टरांपुरता नाही, असे आमचे मत आहे.

हल्ली मिश्र शिक्षणाचा बोलबाला आहे. काही धडे मोबाईलवर, बाकीचे वॉर्डात. २०२० साली कोरोनात केंद्र सरकारने दीक्षावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पाठ ठेवले. त्याच्या कितीतरी आधी इग्नूने नोकरीतल्या परिचारिकांना घरी पुस्तके आणि रुग्णालयात प्रात्यक्षिके अशा वाटेने पदवीपर्यंत नेले. पद्धत चांगलीच आहे. तालुक्याच्या सिस्टरला महिनाभर पुण्याला धाडले तर वॉर्ड कुणी बघायचा?

पण आता काही मंडळी म्हणतात, मोबाईल दिला की झालं, शिकवणारीचा पगार वाचला. हे आम्हांस साफ अमान्य आहे. घोणस चावल्यावर रक्त गोठते का ते पाहतात. २ मिली रक्त काचेच्या नव्या, स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी कलती करायची. रक्त पातळच राहिले तर विषाने काम केले समजायचे. चित्रफितीत हे झकास दिसते. पण नळी साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची निघाली की चाचणी फसलीच! प्रतिविष चढवताना अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर अ‍ॅड्रेनॅलिन मांडीत टोचावे लागते. तेव्हा हात थरथरून चालत नाही. तसा हात शेजारी कुणी उभं राहून शिकवल्याशिवाय बसत नाही. एक डोळ्याची कांडी डोळा वर ठेवून लावायची, हे आपण तरी पुस्तिकेतून शिकलो काय?

आणखी एक. दिवसभर ड्युटी करून घरी गेलेल्या बाईने रात्री भाकऱ्या उरकून धडे बघावेत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ज्या रुग्णालयांना आपल्या कारखान्याचा निधी जातो, त्यांनी धड्यांचा वेळ ड्युटीत धरावा, धडे मराठीत द्यावेत आणि एक अनुभवी सिस्टर शिकवण्यासाठीच मोकळी ठेवावी. तिच्या पगाराचा बोजा पडेल. पडू द्या.

येत्या वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्यांना खर्च पटत नसेल त्यांनी जरूर यावे आणि तिथेच बोलावे.